भंडारदरा: गड न चढता सह्याद्रीत पायी कसं फिरायचं

भंडारदऱ्याला येणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं जास्त दिसतात. एक म्हणजे पहाटे कळसूबाई किंवा रतनगड चढायला लागणारी, आणि दुसरी म्हणजे गाडीतून तलावाला चक्कर मारून, तीन-चार ठिकाणी फोटो काढून परत फिरणारी. या दोघांच्या मध्ये कितीतरी लोक असतात. गुडघे कुरकुरणारे आई-वडील, सहा-सात वर्षांची मुलं, डॉक्टरांनी 'रोज चाला' सांगितलेले, आणि आजवर सोसायटीच्या आवाराबाहेर कधी चाललेच नाहीत असे. गड आपल्याच्याने होणार नाही, हे ते मनाशी ठरवून टाकतात आणि गाडीतच बसून राहतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. सह्याद्री पायी बघायला शिखर गाठावं लागत नाही, हे मी अगदी ठामपणे सांगतो, आणि त्यासाठी भंडारदऱ्याइतकी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही.

जागा समजून घ्या

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, साधारण 750 मीटर उंचीवर हा परिसर आहे. रतनगडाच्या बाजूने येणारी प्रवरा इथे अडवून ब्रिटिशांनी 1910 ते 1926 या काळात विल्सन धरण बांधलं. दगडी बांधकामाचं हे धरण 82 मीटर उंच आहे. त्यामागे पसरलेलं पाणी म्हणजे आर्थर लेक. गावातली माणसं मात्र नुसतं 'धरण' म्हणतात. वाट विचारताना 'लेक' म्हणण्यापेक्षा तोच शब्द वापरा.

धरणाच्या जवळचं मोठं गाव शेंडी. राहण्या-खाण्याच्या बहुतेक सोयी तिथेच आहेत. शेंडीपासून तलावाभोवती गाडीरस्ता जातो. उत्तरेच्या बाजूने मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर. दक्षिणेच्या बाजूने मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी. दोन्ही बाजू साम्रदकडे जुळतात. पूर्ण फेरी 40 किलोमीटरच्या घरात जाते, त्यामुळे ती एका दमात पायी करण्याचा विचारही करू नका. या रस्त्याचा एक-एक तुकडा निवडून तेवढाच चालायचा, ही इथली खरी युक्ती.

गडाच्या वाटेवर निम्म्यावर दम संपला तरी उतरणं चुकत नाही, आणि गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणंच जड जातं. तलावाकाठच्या रस्त्यावर तसं नाही. चढउतार आहेत, पण सौम्य आहेत. कुठल्याही क्षणी मागे फिरता येतं, आणि एखाद्याला फारच त्रास झाला तर गाडी त्याच्यापर्यंत येऊ शकते. नवख्या माणसाला धीर येतो तो यामुळे.

आधी घरी: सगळ्यात हळू चालणारा कोण?

सहल आखताना पहिला प्रश्न हा विचारा. गटातल्या सगळ्यात दणकट माणसाच्या हिशेबाने आखलेली फेरी सगळ्यात हळू चालणाऱ्याला शिक्षा होते. तो मागे पडतो, बाकीचे थांबून वाट बघतात, तो धापा टाकत पोचतो आणि त्याच क्षणी बाकीचे पुढे निघतात. म्हणजे ज्याला विसाव्याची गरज होती, त्यालाच तो मिळत नाही. म्हणून त्यालाच सगळ्यात पुढे ठेवा. वेग त्याचा, थांबायचं कुठे तेही त्यानेच ठरवायचं.

निघण्याच्या दोनेक आठवडे आधी घराजवळच्या सपाट रस्त्यावर अर्धा तास चालून बघा. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य पूर्ण करायला मध्ये श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय, गुडघे, टाचा कशा आहेत ते बघा. काहीच दुखत नसेल तर पुढच्या वेळी दहा मिनिटं वाढवा. एक तास आरामात जमू लागला की या लेखातली कुठलीही चाल तुम्हाला जमेल. अर्धाच तास जमत असेल तरी यातल्या दोन जमतील, तेव्हा बेत रद्द करू नका. हृदयविकार, दमा किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला.

अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यापेक्षा वेळ मोजा. डांबरी रस्त्यावर धडधाकट माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर तीन धरा, आणि मूल दर दगडापाशी थांबणारं असेल तर त्याहून कमी. एकूण दीड तास चालायचं असेल तर 40 मिनिटं झाली की परत फिरा. परतीला जास्त वेळ ठेवायचा, कारण तेव्हा पाय थकलेले असतात आणि थांबे वाढतात. समोरचं वळण कितीही खुणावत असलं तरी घड्याळाचंच ऐकायचं. नवख्यांसाठी यापेक्षा उपयोगी नियम माझ्याकडे नाही.

कधी जायचं

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. पाऊस ओसरलेला असतो, तलाव भरलेला असतो, माळावर सोनकीची पिवळी फुलं असतात आणि खाचरांत भात पिकायला लागलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा स्वच्छ, थंडी कडक, चालायला उत्तम. मात्र सकाळी लवकर निघताना स्वेटर, कानटोपी लागतेच.

जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे बघायला गर्दी लोटते. रतनवाडी-घाटघरच्या पट्ट्यात पाऊस प्रचंड पडतो, धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि शनिवार-रविवारी त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. अशा रस्त्यावर मुलांना घेऊन चालणं मला पटत नाही. पावसातच यायचं असेल तर मधल्या वारी या. मार्चनंतर ऊन चढतं, पाणी मागे सरतं आणि काठाला चिखल उघडा पडतो. तेव्हा सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढ्याच दोन वेळा चालायच्या.

पोचायचं कसं, बरोबर काय घ्यायचं

मुंबईहून कसारा घाट चढून घोटी, तिथून बारीमार्गे शेंडी. रेल्वेने येणाऱ्यांना इगतपुरी जवळचं स्टेशन. तिथून घोटी आणि पुढे एसटी किंवा वडाप जीप. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडी. राजूर हे या वाटेवरचं शेवटचं बाजाराचं गाव. औषधं, रोख पैसे, पेट्रोल तिथे किंवा घोटीला उरकून घ्या. राजूरचे पेढे प्रसिद्ध आहेत, ते परतताना घ्या म्हणजे चालताना पिशवी जड होणार नाही. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरून पावती जपून ठेवायची.

सामान थोडंच लागतं. पायात महिनाभर तरी वापरलेले बूट हवेत. नवे कोरे बूट पहिल्याच दिवशी टाचेला फोड आणतात. माणशी लिटरभर पाणी, चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे, टोपी, आणि पावसाळा संपल्यावरही एक पातळ रेनकोट घ्या. छत्री इथल्या वाऱ्यात टिकत नाही. काठी वयस्करांनी तर घ्यावीच, पण लाजू नका, कुणीही घ्या. उतारावर गुडघ्यावरचा भार हलका होतो. मधुमेह असणाऱ्यांनी साखर किंवा गोड गोळ्या खिशात ठेवाव्यात, पिशवीत नव्हे. रतनवाडी, साम्रदकडे मोबाइलला रेंजचा भरवसा नाही, म्हणून चुकामूक झाली तर कुठे आणि किती वाजता भेटायचं हे निघण्याआधी ठरवून टाका.

पहिली चाल: शेंडी आणि धरणाचा परिसर

पोचलात त्याच संध्याकाळी ही करा. प्रवासाने आखडलेले पाय मोकळे होतात आणि कोण किती चालू शकतं याचा अंदाजही येतो. मुक्कामाच्या ठिकाणाहून तलावाकाठी जा, पाण्याच्या कडेकडेने वीस मिनिटं एका दिशेला, वीस मिनिटं परत. तलाव शेंडीच्या पश्चिमेला पसरलेला असल्याने सूर्य पाण्याच्या बाजूलाच मावळतो. तासभर आधी निघालात तर उजेडातच परत याल.

धरणाच्या भिंतीखाली बाग आहे. धरणातून पाणी सोडलेलं असेल तेव्हा तिथे खडकावरून छत्रीच्या आकारात पाणी पडतं, तो अंब्रेला धबधबा. चालणं अगदीच होत नसेल त्या माणसालाही इथे आणता येतं. पावसाळ्यात धरणाचा विसर्ग वाढवतात तेव्हा प्रवरेचं पाणी बघता बघता चढतं, म्हणून बागेतून फिरा, नदीच्या पात्रात उतरू नका. शेंडीहून राजूरच्या बाजूला रंधा धबधबा आहे, त्यालाही हेच लागू. तिथे घोरपडादेवीचं देऊळ आहे, धबधबा सुरक्षित जागेवरून दिसतो, तेवढं पुरेसं आहे.

दुसरी चाल: मुरशेत ते पांजऱ्याकडचा रस्ता

ही सकाळची चाल, आणि माझी सगळ्यात आवडती. गाडी मुरशेतच्या आसपास रस्त्याच्या कडेला नीट लावा, गावाची वाट अडणार नाही अशी. तिथून पांजऱ्याच्या दिशेने चालायला लागा. एका हाताला तलाव, दुसऱ्या हाताला डोंगराची रांग, मधे भाताची खाचरं. पाण्यापलीकडे रतनगड दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर त्याचं नेढंही ओळखता येतं: माथ्याजवळच्या खडकाला आरपार भोक आहे, ते. सकाळी सात ते साडेआठ वाहनं फार नसतात. तरीही समोरून येणारी गाडी दिसेल अशा बेताने रस्त्याच्या उजव्या कडेने, एकामागे एक चाला.

या चालीत घाई केलीत तर काहीच हाती लागणार नाही. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ ही झाडं ओळखायला शिका. गावातलं कुणीही हौसेने सांगतं. जुलैच्या सुमारास आलात तर आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, चाललेली दिसेल. उन्हाळ्यात एखाद्या तुकड्यावर काळी राख दिसली तर तिथे वणवा लागलाय असं समजू नका. तो राब आहे. झाडाच्या डहाळ्या, पाला, शेण पसरून जमीन भाजतात आणि पावसाच्या सुरुवातीला तिथेच भाताचं रोप करतात. मुलांना हे दाखवा. भात येतो कुठून, हे पुस्तकापेक्षा इथे चांगलं कळतं.

खाचराचे बांध फोटोसाठी मोहात पाडतात, पण बांधावरून चालू नका. तो मातीचा असतो, पायाने ढासळतो, आणि एकदा फुटला की शेतातलं पाणी निघून जातं. दुसरं असं की वाट विचारताना 'किती लांब आहे?' विचारू नका. रोज डोक्यावर मोळी घेऊन डोंगर चढणाऱ्या मावशींना सगळंच 'हे काय, इथंच' असतं. त्याऐवजी 'बारक्या पोरांना घेऊन किती वेळ लागेल, मावशी?' असं विचारा. उत्तर एकदम खरं येतं.

तिसरी चाल: रतनवाडी

गाडी थेट गावापर्यंत जाते आणि अमृतेश्वराचं देऊळ गावातच आहे, म्हणून ही चाल सगळ्यांना झेपणारी. शिलाहारांच्या काळातलं मानलं जाणारं हे देऊळ हेमाडपंती घडणीचं आहे. शिखरावर आणि भिंतींवर केलेलं कोरीवकाम बघायला सगळ्या बाजूंनी सावकाश फिरा. जवळच दगडात बांधलेली पुष्करणी आहे, तिच्या भिंतीतल्या देवळ्यांत मूर्ती आहेत. पुष्करणीच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, वरूनच बघा. हे चालतं देऊळ आहे, तेव्हा आवाज आणि कपडे यांचं भान ठेवा.

ज्यांच्या पायात अजून जोर आहे त्यांनी देवळापासून रतनगडाच्या वाटेला लागावं. ही वाट सुरुवातीला प्रवरेच्या काठाने, झाडीतून, बरीचशी सपाटच जाते. धरण भरणारी नदी इथे एका ओढ्याएवढी असते! अर्धा-पाऊण तास जा, सावलीत बसा, परत या. जिथे चढ खरा सुरू होतो तिथे तुमची चाल संपली. पावसाळ्यात मात्र ही वाट नदी ओलांडते, त्यामुळे त्या दिवसांत देवळापाशीच थांबा. ऑक्टोबरच्या उन्हात जंगलात आग्या मोहोळांची काळजी घ्या: अत्तर लावून जाऊ नका, शेकोटी-सिगारेट नको, आरडाओरडा नको.

जेवण रतनवाडीतच सांगून ठेवा. इथे घरगुती जेवण सांगितल्यावरच रांधतात, म्हणून चालायला निघतानाच किती माणसं आहोत ते सांगायचं. नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, वरण आणि इंद्रायणीचा वाफाळता भात. इथले बरेच लोक महादेव कोळी समाजाचे. ज्यांना इंग्रजांनी 1848 मध्ये ठाण्यात फाशी दिली ते राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. जेवणाचे पैसे घासाघीस न करता द्या.

चौथी चाल: घाटघरचा कोकणकडा

इथे सह्याद्री एकाएकी संपतो आणि खाली शहापूरकडचं कोकण दिसतं. घाटघरला पाणी वर-खाली करून वीज बनवणारा 250 मेगावॅटचा प्रकल्प आहे. वरचं धरण इथे, खालचं कड्याखाली चोंढ्याला. विजेची मागणी कमी असताना पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज बनवतात. मुलांना हे ऐकायला फार आवडतं.

गाडी कड्यापासून फार लांब राहत नाही, आणि चालणं सपाट आहे. अवघड इथे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कडा. कठडा असेल तर त्याच्या आत. नसेल तर काठापासून पाच-सहा पावलं मागे थांबायचं, मुलांचा हात धरूनच. धुकं उतरलं की काठ कुठे आहे ते कळत नाही, अशा वेळी गाडीपाशी परत जा आणि चहा घ्या. साम्रदची सांदण दरी जवळच असल्याने 'तेवढीही करून टाकू' असं कुणीतरी म्हणेलच. ती दगडधोंड्यांतून उतरायची जागा आहे, या लेखातल्या चालींत ती बसत नाही.

पाण्याबद्दल दोन शब्द

तलावात पोहू नका, कंबरेपर्यंतही उतरू नका. धरणाचा काठ समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू खोल होत नाही. पूर्वीच्या नदीचे कडे, शेतांच्या ताली पाण्याखाली आहेत, आणि एका पावलावर पायाखालची जमीन नाहीशी होते. पाणी मागे सरल्यावर उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, आत पाय रुततो. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालूनच. मागूनही मिळालं नाही तर बसू नका, मग समोर सूर्यास्त असो नाहीतर काही.

काजव्यांच्या दिवसांत

मेच्या शेवटी ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत इथल्या झाडांवर काजवे चमकतात. ही फेरी रात्रीची, अंतर अगदी थोडं, त्यामुळे वयस्करांनाही जमते. काजव्यांचं चमकणं हे नर-मादीचं एकमेकांना शोधणं असतं. गाडीचे दिवे, मोबाइलचा टॉर्च, कॅमेऱ्याचा फ्लॅश यात थेट आडकाठी आणतात. म्हणून गाडी लांब उभी करून, गावातला वाटाड्या बरोबर घेऊन, त्याने सांगितलेल्या जागी दिवा न लावता उभं राहायचं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. झाडाखालच्या गवतात शिरू नका. माद्या खाली गवता-पाल्यात असतात, आणि तुमच्या दृष्टीने बघायचं तर तिथे सापही असतात.

आणि कळसूबाईचं दर्शन?

इतक्या जवळ येऊन 1646 मीटरच्या, महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराकडे नुसतंच बघायचं, याची खंत आई-आजींना वाटते. वर जाणं ज्यांना होत नाही अशा भाविकांसाठी पायथ्याच्या बाजूला, बारीच्या वर, कळसूबाईचं दुसरं देऊळ बांधलेलं आहे. बारी गावातून निघून शेतांमधून तिथपर्यंत जायचं. थोडी चढण आहे, पण सावकाश जाण्यासारखी. वर सांगितलेल्या चाली नीट जमल्या असतील तरच, आणि शेवटच्या दिवशी सकाळी, परतीच्या वाटेवर ही ठेवा, कारण मुंबईकडे जाताना बारी वाटेवरच लागतं. नवरात्रात जत्रेची गर्दी असते, ते नऊ दिवस टाळा. नारळ, ओटीचं सामान घ्यायचं असेल तर बारीतच बघा, आणि देवळापाशी जे उघडाल त्याची प्लॅस्टिकची पिशवी खाली घेऊन या.